विश्रांतीचा वार आणि सहलीची गाडी

सातव्या दिवशी काम थांबवावे, ही आज्ञा यहुदी लोक शब्बाथ म्हणून पाळतात; ख्रिस्ती लोकांनी तिचा वार बदलून रविवार केला. आज्ञा काम थांबवायला सांगते. मोकळ्या झालेल्या दिवसाचे करायचे काय, याबद्दल मात्र धर्मपंडितांत फार पूर्वीपासून दोन तट आहेत. एका तटाच्या मते तो दिवस देवाचा, म्हणून उपासना, वाचन आणि चिंतन यांपलीकडे त्यात काही येता कामा नये. मार्कच्या शुभवर्तमानात येशू शब्बाथाला माणसाच्या हितासाठी असलेली गोष्ट मानतो, याकडे दुसरा तट बोट दाखवतो. माणसाला पायी जाता येईल तेवढेच फिरता येत होते, तोवर या वादाची धग गावाच्या वेशीपर्यंतच पोचे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आगगाडी आली आणि ‘रविवारी काय करावे’ हा प्रश्न एकाएकी संसदेचा, रेल्वे कंपन्यांचा आणि तत्त्वज्ञांचा झाला.

वादाला आधीचा इतिहास होता. राजा पहिला जेम्स याने 1618 मध्ये जाहीरनामा काढून रविवारच्या प्रार्थनेनंतर नाच, तिरंदाजी अशा करमणुकींना मुभा दिली. पहिल्या चार्ल्सने 1633 मध्ये तो पुन्हा काढला. कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या प्युरिटन पंथीयांचा जोर झाला तेव्हा, 1643 मध्ये, संसदेने त्याच्या प्रती जाहीरपणे जाळायला लावल्या. प्युरिटनांचे राज्य गेले तरी त्यांचा रविवार राहिला. 1780 च्या कायद्याने रविवारी तिकीट लावून करमणूक किंवा वादसभा भरवण्यास बंदी केली. 1831 मध्ये प्रभूचा दिवस पाळला जावा म्हणून एक संस्थाच लंडनमध्ये निघाली. खासदार सर अँड्र्यू अग्न्यू यांनी रविवारच्या कडक बंधनांची विधेयके संसदेत पुन्हा पुन्हा आणली. चार्ल्स डिकन्सने 1836 मध्ये टोपणनावाने पुस्तिका लिहून त्यांचा समाचार घेतला. श्रीमंताच्या स्वयंपाकघरात रविवारीही आचारी राबतो आणि दाराशी त्याची बग्गी उभी असते. बंदी आड येते ती गरिबालाच, असा त्याचा रोख होता. तो खोडून काढणे विरोधकांना कधीच नीट जमले नाही.

गिरणी-कारखान्यातल्या माणसाचा आठवडा कसा होता, हे पाहिल्याशिवाय या रोखाचे वजन कळत नाही. सोमवार ते शनिवार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. 1850 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रियांना आणि किशोरांना शनिवारी दुपारी दोनला सोडणे भाग पाडले, आणि त्यांच्यावाचून यंत्रे चालत नसल्याने अनेक ठिकाणी पुरुषही सुटू लागले. तरीही अख्खा मोकळा दिवस म्हणजे फक्त रविवार. लंडनहून ब्रायटनचा समुद्र गाठायचा तर तो रविवारीच. कंपन्यांनी तडजोड काढली. इंग्लंडात बऱ्याच मार्गांवर प्रार्थनेच्या वेळेत गाड्या बंद ठेवल्या जात आणि प्रार्थना सुटली की पुन्हा सुरू होत. स्कॉटलंडमध्ये एवढ्यानेही भागले नाही. एडिंबरा-ग्लासगो मार्ग 1842 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर रविवारी गाडी धावत होती. चर्चच्या दबावाखाली 1846 मध्ये ती बंद झाली आणि पुढे जवळजवळ दोन दशके बंदच राहिली. 28 डिसेंबर 1879 ला टे नदीवरचा पूल वादळात कोसळून गाडी पाण्यात गेली. तो रविवार होता, आणि हा दैवी कोप आहे असे म्हणणारे धर्मोपदेशक निघालेच.

गंमत अशी की सहलीची गाडी हे अपत्य मुळात धर्माच्याच घरातले. टॉमस कुक हा सुतारकामात मुरलेला बॅप्टिस्ट धर्मप्रचारक आणि दारूबंदी चळवळीचा कार्यकर्ता. कष्टकरी माणसाला गुत्त्यातून बाहेर काढायचे तर त्याला जायला दुसरी जागा दाखवली पाहिजे, हा त्याचा साधा हिशेब. 5 जुलै 1841 ला त्याने सुमारे 500 माणसे लेस्टरहून लाफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी नेली. एका शिलिंगात जाणे-येणे. वार सोमवार होता. 1851 मध्ये लंडनला महाप्रदर्शन भरले तेव्हा कुकने दीड लाखाहून अधिक लोकांना ते घडवले. त्यांत कित्येकांनी आयुष्यात प्रथमच लंडन पाहिले. प्रदर्शनाला एकूण साठ लाखांवर लोक आले. रविवारी ते बंद असे, आणि सोमवार ते गुरुवार या स्वस्त दिवसांत ज्यांना एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडता आले, तेच कामगार तिथे पोचले.

प्रदर्शन संपले तरी प्रश्न उरला. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी या लोकांच्या पैशाने चालणाऱ्या संस्था. मग लोकांना मोकळीक असते त्याच दिवशी त्यांना टाळे का? ही मागणी लावून धरणाऱ्यांनी 1855 मध्ये आपली संघटना काढली. त्याच उन्हाळ्यात रविवारच्या दुकानदारीवर बंदी घालणारे एक विधेयक आले. त्याच्याविरुद्ध हाइड पार्कमध्ये हजारो लोक जमले आणि बग्ग्यांतून फिरायला आलेल्या सरदारांची त्यांनी हुर्यो उडवली. कार्ल मार्क्स तिथे हजर होता, आणि इंग्लंडात क्रांतीला तोंड लागले अशा उत्साहात त्याने बातमी पाठवली. क्रांती झाली नाही, विधेयक तेवढे मागे घेतले गेले. पुढच्या वर्षी संग्रहालये रविवारी उघडण्याचा ठराव संसदेत आला आणि 48 विरुद्ध 376 अशा मतांनी पडला. बागांत रविवारी लष्करी बँड वाजू लागला होता; कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हरकतीनंतर तोही बंद झाला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकले तर एक विचित्र साम्य दिसते. चित्रे पाहून कामगार सुधारेल, दारू सोडेल, त्याचे मन उन्नत होईल, असे संग्रहालयवाले सांगत. प्रार्थनेने तो सुधारेल, असे चर्चवाले सांगत. त्याला नुसते पाहायचे असेल, हिंडायचे असेल, मुलाला खांद्यावर घेऊन ममी दाखवायची असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे, असे कोणत्याच बाजूला वाटत नव्हते.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात हा प्रश्न थेट हाताळला. रविवारची रेल्वे थांबवण्याचे प्रयत्न आणि संग्रहालये उघडण्यास होणारा विरोध ही त्याची उदाहरणे होती. आठवड्यात एक दिवस सर्वांनी काम थांबवावे, असा कायदा त्याला मान्य होता, कारण काहींनी काम चालू ठेवले तर बाकीच्यांनाही ते चालू ठेवावे लागते. मात्र मोकळ्या दिवशी माणूस काय करतो, यात कायद्याला शिरण्याचा हक्क नाही. देवाचा अपमान झाला असेल तर त्याचे देव पाहून घेईल. शेजाऱ्याने त्याची वसुली करण्याचे कारण नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाचे काय, या शंकेलाही मिलकडे उत्तर होते. पुष्कळांच्या आनंदासाठी थोड्यांनी काम करणे गैर नाही. अट एवढीच की ते काम त्यांनी स्वखुशीने पत्करलेले असावे आणि सोडताही यावे. त्यांना मजुरी जास्त मिळेल, सुटी दुसऱ्या वारी देता येईल.

कागदावर हे उत्तर चोख आहे. दोन वर्षांनी ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात त्याची परीक्षा झाली. 25 ऑगस्ट 1861, रविवार. सकाळी ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या सुटल्या. पहिल्या दोन सहलीच्या, तिसरी नेहमीची. उशीर झाल्याने त्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने निघाल्या. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी हेन्री किलिक हा सिग्नलमन होता. पहिली गाडी गेल्यावर सिग्नल आपोआप ‘धोका’ दाखवायला हवा होता. तो फिरला नाही. दुसरी गाडी आत शिरता शिरता किलिकने लाल निशाण दाखवले. ते तिच्या चालकाला दिसले की नाही, याची किलिकला खात्री होईना. त्याने पलीकडच्या टोकाला तारेने विचारले आणि बोगदा मोकळा असल्याचे उत्तर आले. ते उत्तर पहिल्या गाडीबद्दल होते. दुसऱ्या गाडीच्या चालकाने निशाण पाहिले होते. तो बोगद्यात थांबून गाडी उलटी आणत होता. किलिकने तिसऱ्या गाडीला वाट दिली. 23 माणसे मेली, 176 जखमी झाली. रविवारी सहल काढल्याची ही शिक्षा, असे काहींनी म्हटले. त्यापेक्षा बोलकी गोष्ट चौकशीतच बाहेर आली. किलिकची नेमाची पाळी 18 तासांची असे, पण त्या दिवशी तो सलग 24 तासांच्या पाळीवर होता, कारण त्याशिवाय त्याला एक पूर्ण दिवस सुटी मिळत नव्हती.

मिलची अट इथे अडते. काम सोडण्याचे स्वातंत्र्य किलिकला होते, उपाशी राहण्याचे होते त्याच अर्थाने. आणि बायबलमधल्या दशाज्ञा पुन्हा वाचल्या तर दिसते की विश्रांतीची आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांची नावे तिच्यात घेतलेली आहेत. रविवारच्या कैवाऱ्यांच्या हातातला सर्वांत बळकट मुद्दा हाच होता. त्यांच्यापैकी काहींनी टपाल आणि रेल्वे कामगारांसाठी तो मांडलाही. पण त्यांची बरीचशी ताकद संग्रहालयाच्या टाळ्यावर आणि बागेतल्या बँडवर खर्च झाली, आणि ती वाया गेली.

सुटी कशासाठी, या प्रश्नाला ॲरिस्टॉटलचे उत्तर वेगळ्या दिशेने येते. त्याच्या नीतिशास्त्रात माणूस काम करतो ते निवांतपणासाठी; उद्या पुन्हा काम करता यावे म्हणून आज विसावणे हा नुसता विरंगुळा, निवांतपणा नव्हे. जर्मन कॅथलिक विचारवंत योझेफ पीपर याने 1948 मध्ये हाच धागा उचलला आणि निवांतपणाचे मूळ सणात, उपासनेत आहे असे सांगितले. उपासना गेली की सुटी म्हणजे कामाच्या यंत्राला घातलेले वंगण उरते. प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन याची शंका याहून खोल जाते. ‘ख्रिस्ती शिकवणीविषयी’ या ग्रंथात तो माणसाला घरी परतणाऱ्या वाटसरूच्या जागी ठेवतो. वाहन आणि वाटेतली शोभा वापरण्यासाठी आहेत, पण वाहनाच्या गतीतच रमला तर वाटसरू घर विसरतो. ऑगस्टीनच्या काळी वाहन म्हणजे बैल-घोड्यांची गाडी नाही तर जहाज. ताशी तीस मैलांच्या आगगाडीने हा मोह कित्येक पटींनी वाढवला, आणि लोकांना तो शिलिंगाला विकला.

तरीही ऑगस्टीनच्या दृष्टांतात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे प्रवासाआधीची वाट पाहणे. कुकने 1855 मध्ये पहिली मंडळी बेल्जियम आणि ऱ्हाइनकाठाने पॅरिसला नेली, 1863 मध्ये स्वित्झर्लंडला. परदेशचा हा प्रवास मध्यमवर्गालाही सहज परवडणारा नव्हता; त्यासाठी पैसे साठवत वाट पाहावी लागे. 1865 मध्ये चार्ल्स लीव्हर या लेखकाने कुकच्या प्रवाशांची कळपात हाकलेल्या गुरांसारखी टर उडवली. त्या टिंगलीत धर्माचा भाग कमी आणि दर्जाचा अभिमान जास्त होता. लँकेशायरच्या गिरणगावांत कामगार वर्षभर आठवड्याला काही पेन्स बचत मंडळात भरत आणि गिरणी बंद राहण्याच्या वार्षिक आठवड्यात ती पुंजी फोडत. बरेच जण समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाऊन चार दिवसांत ती उडवीत. ते पाहून कोल्न गावचे धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांनी 1891 मध्ये कामगारांना डोंगरभटकंतीसाठी सरोवरांच्या प्रदेशात नेले आणि 1893 मध्ये त्यासाठी सहकारी संस्था उभी केली.

अशा वाट पाहण्याचे सर्वांत विचारपूर्वक रूप लंडनच्या ईस्ट एंडमध्ये दिसले. व्हाइटचॅपल इथल्या सेंट ज्यूड चर्चचे पाद्री सॅम्युअल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी 1881 पासून वस्तीतल्या लोकांसाठी चित्रप्रदर्शने भरवली, आणि रविवारच्या कैवाऱ्यांचा विरोध पत्करून ती रविवारीही उघडी ठेवली. पाद्र्यानेच हे करावे, याचा त्या मंडळींना जास्त राग. 1884 मध्ये बार्नेट यांनी टॉयन्बी हॉल ही संस्था काढली. तिथल्या संध्याकाळच्या वर्गांना येणाऱ्या शिक्षक-कारकुनांनी 1888 मध्ये फ्लॉरेन्सची सफर केली आणि त्यातून त्यांचे प्रवासमंडळ उभे राहिले. या मंडळींच्या सफरीआधी व्याख्याने होत, इतिहास वाचला जाई, पैसे बाजूला पडत. संध्याकाळचा वर्ग, रविवारचे चित्रप्रदर्शन आणि परदेशची गाडी या एकाच वाटेच्या पायऱ्या होत्या. वाट पाहण्यात माणूस बदलत होता. गाडीत बसला तेव्हा तो निम्मा प्रवास करून चुकला होता. रविवारची उपासना भक्तासाठी जे करू पाहते त्याच्या हे बरेच जवळ जाते, आणि बार्नेट यांना दोहोंत विरोध दिसला नाही तो यामुळेच.

मुंबईत हाच वार वेगळ्या मार्गाने मिळवावा लागला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी केली, आणि 1890 मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. इथल्या कामगाराला शब्बाथाचे देणेघेणे नव्हते. महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार. आज्ञेतली दास-दासींची बाजू धर्मशास्त्राच्या आधाराशिवायही उभी राहू शकते, हे त्यावरून दिसते.

लंडनमधली राष्ट्रीय संग्रहालये रविवारी उघडण्याचा ठराव अखेर 1896 मध्ये संसदेत संमत झाला. इंग्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास व्यापाराची परवानगी मिळायला 1994 उजाडले. त्या कायद्यातून देवाचे नाव गळाले होते, पण रविवारी काम करायला नकार देण्याचा हक्क दुकानातल्या नोकराला त्यातच मिळाला.