चित्रातल्या बाईचा प्रश्न

1960 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वर अश्लीलतेचा खटला चालला. आपल्या बायकोने किंवा नोकराने हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का, असं सरकारी वकिलाने ज्युरींना विचारलं. त्या ज्युरींमध्ये तीन स्त्रिया बसल्या होत्या. पेंग्विन प्रकाशन निर्दोष सुटलं आणि पुस्तक दुकानांत आलं त्याच दिवशी 2 लाख प्रती संपल्या. मुंबईत मात्र हेच पुस्तक विकल्याबद्दल एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये कायम केली. निकाल उलटसुलट लागले, पण चिंता दोन्हीकडे एकच होती: वाचणाऱ्याचं मन बिघडेल का?

पाश्चात्त्य समाजात तेव्हापासून जे घडलं ते आपल्याकडे ‘बंधनं सैल झाली’ एवढ्यावर उरकलं जातं. कुणी कौतुकाने म्हणतं, कुणी नाक मुरडून. मला खरा बदल वेगळ्या जागी दिसतो. चित्र पाहणाऱ्याचं काय होईल, इथून निघालेला वाद चित्रातल्या माणसाचं काय झालं, इथवर येऊन पोहोचला. पोहोचायला फार वेळ लागला आणि त्या उशिराची किंमत काही माणसांनी आपल्या शरीराने मोजली.

डेन्मार्कने 1967 मध्ये अश्लील लिखाणावरची आणि 1969 मध्ये चित्रांवरची बंदी उठवली. चित्रांवरची बंदी उठवणारा तो जगातला पहिला देश. तिथले कायदामंत्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते, हे विसरता कामा नये. प्रौढ माणसाने काय पाहावं हे सरकारने ठरवू नये, ही भूमिका मला आजही पटते. पण बंदी उठवताना चित्रं कुणाची काढली जातात याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. लहान मुलांच्या लैंगिक चित्रांची विक्री त्या देशात गुन्हा ठरायला 1980 साल उजाडलं. मधली अकरा वर्षं तो धंदा राजरोस चालला. पाहणाऱ्याचं स्वातंत्र्य एवढी एकच बाजू डोळ्यांसमोर ठेवली की काय होतं, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

लैंगिक मोकळेपणा आणि पोर्नोग्राफी यांची मोट बांधायची सवय दोन्ही बाजूंच्या लोकांना आहे. स्वीडनने शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं 1955 मध्ये, आणि पोर्नोग्राफीवरची बंदी उठवली 1971 मध्ये. मुलांशी शरीराविषयी नीट बोलायला त्या समाजाला नागड्या चित्रांच्या बाजाराची गरज पडली नव्हती. आपल्या र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, दंड भरले, ते संततिनियमन आणि आरोग्य लोकांपर्यंत नेण्यासाठी. तो मोकळेपणा ज्ञानाचा होता. अशा मोकळेपणाचा कैवार घ्यायचा तर पुढे त्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या उद्योगाकडेही डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं.

1972 मध्ये अमेरिकेत ‘डीप थ्रोट’ हा पोर्नोग्राफिक चित्रपट आला आणि प्रतिष्ठित जोडपी रांगा लावून तो पाहायला गेली. लिंडा लव्हलेस या नावाने त्यातली अभिनेत्री लैंगिक मुक्तीचं प्रतीक झाली. तिच्या नावावर एक आत्मकथन निघालं, त्यावर 1976 मध्ये त्याच ओल्ड बेलीत खटला चालला आणि तेही निर्दोष ठरलं. उदारमतवाद्यांना हा ‘चॅटर्ली’नंतरचा दुसरा मोठा विजय वाटला. चारच वर्षांनी, 1980 मध्ये, लिंडा बोरमन हे खरं नाव असलेली ही बाई दुसरं पुस्तक घेऊन पुढे आली. नवऱ्याने मारहाण करून, बंदुकीचा धाक दाखवून आपल्याकडून हे सगळं करून घेतलं, आधीचं आत्मकथन खोटं होतं, असं तिने सांगितलं. चित्रपटात आपल्या पायांवर मारहाणीचे वळ दिसतात, हेही तिने दाखवून दिलं. लाखो लोकांनी ते पायही पाहिले होते. तिच्या सांगण्यावर शंका घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला टोचतं ते वेगळंच. त्या चित्रपटावर अमेरिकेत आणि त्या पुस्तकावर इंग्लंडमध्ये कोर्टात तज्ज्ञ उभे राहिले, समाजाची नीती आणि लेखनाचं स्वातंत्र्य यांवर तासन्‌तास बोलले. ती तिथे राजीखुशीने होती का, हा खटल्याचा मुद्दाच नव्हता, कारण अश्लीलतेच्या कायद्यात त्या प्रश्नाला जागाच नव्हती.

कॅथरिन मॅकिनन आणि अँड्रिया ड्वॉर्किन या अमेरिकी स्त्रीवाद्यांनी ती जागा करून पाहिली. 1983 मध्ये मिनिआपोलिस शहरासाठी त्यांनी लिहिलेल्या कायद्यात बंदीऐवजी पीडित स्त्रीला दिवाणी दावा लावण्याचा हक्क होता. महापौरांनी तो नाकारला. इंडियानापोलिसने तसाच कायदा केला, तो न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. त्यातली व्याख्या फार ऐसपैस होती, उद्या चांगलं साहित्यही तिच्या कचाट्यात सापडलं असतं, ही भीती खरी होती; अनेक स्त्रीवाद्यांनीही ती बोलून दाखवली. पण सुक्याबरोबर ओलंही जळालं. जबरदस्तीने कॅमेऱ्यासमोर उभं केलेल्या बाईचा दाव्याचा हक्कही त्यात गेला.

इंटरनेटने पुढे हा प्रश्न घराघरात आणला. पॉर्नहब या संकेतस्थळावर अल्पवयीन मुलींचे, बलात्काराचे व्हिडिओ आहेत असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये 2020 च्या डिसेंबरात छापून आलं. काही दिवसांत व्हिसा आणि मास्टरकार्डने व्यवहार थांबवले, आणि ओळख न पटवलेल्या लोकांनी टाकलेले लाखो व्हिडिओ कंपनीने एका फटक्यात हटवले. कायदेमंडळांना आणि न्यायालयांना इतकी वर्षं जे साधलं नाही ते पैशाची वाट अडवल्याबरोबर साधलं, याची लोकशाही देशांना लाज वाटायला हवी.

2025 मध्ये ब्रिटनने अशा संकेतस्थळांना वयाची खातरजमा सक्तीची केली, आणि टेक्सासचा तसाच कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मुलांसाठी हे आवश्यक आहे असं माझं मत आहे, प्रौढांच्या खासगीपणाचा प्रश्न त्यातून उभा राहतो हे मान्य करूनही. पण इथे पुन्हा दारावर अडवलं जातं ते पाहणाऱ्याला. चित्रातल्या व्यक्तीसाठी अमेरिकेने त्याच वर्षी वेगळा कायदा केला: संमतीशिवाय टाकलेली खासगी चित्रं, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलीसुद्धा, तक्रार आल्यापासून 48 तासांत काढायची. आपलं चित्र कुठे कुठे पसरलं आहे ते शोधायचं, ते पुन्हा पुन्हा पाहायचं आणि प्रत्येक ठिकाणी तक्रार नोंदवायची, हे काम अजून तिच्याच माथी आहे. प्रसिद्ध करण्याआधी तिची संमती दाखवण्याची जबाबदारी ज्याला त्यातून पैसा मिळतो त्याच्यावर टाकायला कुठली व्याख्या आड येते, ते मला समजत नाही.