पूर्ण देवाच्या राज्यात वाईट कोणाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. दिवसाचं वाचन संपतं, आरती होते, प्रसाद हातात येतो आणि मंडपाच्या कडेला मंडळी गप्पांना बसतात. त्या गप्पांत एक प्रश्न दरवर्षी निघतोच. देव सगळं जाणतो, सगळं करू शकतो आणि दयाळूही आहे, तर मग जगात एवढं वाईट होतंच कसं? कोणीतरी म्हणतं, "ज्याचं त्याचं कर्म, दुसरं काय!" आणि तिथेच विषय संपवून सगळे चपला शोधू लागतात.

मी काही शास्त्री-पंडित नाही. कॉमर्सचा पदवीधर, आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेला कारकून. पण दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली आहे. त्याच सवयीने या प्रश्नाची बेरीज-वजाबाकी मांडून पाहतो.

प्रश्न फार जुना आहे. ग्रीस देशातल्या एपिक्युरस नावाच्या तत्त्वज्ञाच्या नावावर तो सांगितला जातो. देवाला वाईट थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसला? जमतं पण थांबवायचं नाही, तर दयाळू कसला? आपल्याकडे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतला आहे : देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? त्यावर शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवायचं की जव, हे बियाण्यावर ठरतं. ईश्वर पावसासारखा, आणि बी म्हणजे जिवाचं कर्म.

आपल्या उरण भागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. मृगाचा पाऊस आला की भाताच्या रोपाला जीव येतो, आणि त्याच पावसात उघड्यावर राहिलेलं मीठ विरघळून जातं. म्हणून पाऊस शेतकऱ्याचा मित्र आणि मिठागरवाल्याचा वैरी, असं काही कोणी म्हणत नाही.

आता स्वातंत्र्याचं बघू. देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असेल, तर माझ्या हातात काय राहिलं? इथे मला माझं काउंटर आठवतं. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्याचे आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे पैसे लोकांच्या हातात आले. सारख्याच रकमा घेऊन गेलेली दोन भावंडं मी पाहिली आहेत. एकाने मुलीला शिकवलं, घर बांधलं, थोडे ठेवीत टाकले. दुसऱ्याने गाडी घेतली, बारची वाट धरली, आणि तीन वर्षांत खातं कोरडं पडलं. दर आठवड्याला तो स्लिप भरून समोर उभा राहायचा. पैसे कुठे चाललेत हे मला दिसत होतं. मी दोन शब्द सांगितले, तसे इतरांनीही सांगितले. पण सही जुळली, खात्यात शिल्लक असली, की पैसे द्यावेच लागतात. कारकुनाला पटेल त्याच कामासाठी पैसे मिळणार असतील, तर ते खातं त्या माणसाचं राहत नाही. आणि त्याचं काय होणार हे मला दिसत होतं म्हणून काही ते झालं नाही. केलं त्यानेच.

भगवंतांनीही तसंच केलेलं दिसतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळं ज्ञान सांगून झाल्यावर ते अर्जुनाला म्हणतात की यावर नीट विचार कर, आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. साक्षात देव समोर उभा आहे, रथाचे लगाम त्याच्या हातात आहेत, तरी निर्णय अर्जुनावर सोडला आहे. बळजबरीने करून घेतलेली भक्ती ही भक्ती नव्हे, हे त्याला ठाऊक आहे.

इथवर हिशेब जुळतो. अडतो तो पुढे. त्या भावाने उधळले ते स्वतःचे पैसे. पण एकाच्या स्वातंत्र्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, तेव्हा काय म्हणायचं?

२६ मे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि आपले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांनी भरून गेले. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका माउलीचा तरुण मुलगा रात्रपाळीहून मोटरसायकलने घरी येत होता. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रेलरवर तो आदळला आणि जागीच गेला. दिवस-कार्य उरकल्यावर माउली देवळात आली, तर कोणीतरी तिला समजावलं, "मागच्या जन्मीचं काही देणं राहिलं असेल, बाई." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण ती एवढंच म्हणाली, "म्हणजे दत्त नुसती वसुली करतो का?" त्यानंतर दोन वर्षं तिने देवळाची पायरी चढली नाही.

मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं खरं मर्म इथे आहे. कर्माचा सिद्धांत खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बँकेत पहिला नियम शिकवतात की दुसऱ्याचं खातं उघडून चारचौघांत वाचायचं नाही. माझ्यावर संकट आलं तर 'माझंच काही चुकलं असेल' असं मी म्हणावं, त्याने मन नम्र होतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवलं की त्याचा दगड होतो. घेवड्याच्या वेलाची अठराव्या अध्यायातली गोष्ट आपण सगळे सांगतो. गुरूंनी गरीब ब्राह्मणाचा वेल उपटला आणि मुळाशी धनाचा कुंभ निघाला. पण वेल उपटणारे गुरू होते आणि कुंभ कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्याचा वेल उपटला गेला तर 'खाली सोनं असेल' असं सांगायचा अधिकार मला कोणी दिला?

काही वाचक म्हणतील, गुरुचरित्रातच तर पूर्वजन्मीच्या ऋणाची कथा आहे. आहे ना. विसावा आणि एकविसावा अध्याय पुन्हा सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्या स्त्रीची मुलं जगत नव्हती, आणि त्याचं कारण पूर्वजन्मी बुडवलेलं द्रव्य, असं तिथे सांगितलं आहे. पण गुरू कारण सांगून थांबत नाहीत. तिच्याजवळ पैसा नाही हे जाणून, जमेल तेवढ्यात तिच्याकडून परिहार करून घेतात आणि पीडा दूर करतात. पुढे मुलगा होतो आणि तोही जातो. तेव्हा ब्रह्मचाऱ्याच्या रूपात येऊन तिला देहाच्या नश्वरतेचं ज्ञान सांगितलं जातं. ती ते ऐकून गप्प बसत नाही. वर दिला गुरूंनीच, मग विश्वास कोणावर ठेवायचा, असा जाब विचारते आणि मुलाचं शव घेऊन औदुंबराशी जाते. तिला पाखंडी म्हणून कोणी हाकलत नाही. गुरू तिचं गाऱ्हाणं ऐकतात आणि मुलाला उठवतात.

म्हणजे पोथीत कर्माची वही वाचून दाखवणारा जो आहे, तोच पदरचं घालून ती वही मिटवणाराही आहे. आपण त्यातलं अर्धंच उचलतो. वाचून दाखवतो, आणि फेडायची वेळ आली की घरी जातो.

आपल्याच मातीतला दाखला घ्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या वेळी जासईचे दि. बा. पाटील आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले शेतकरी 'प्रारब्ध' म्हणून घरी बसले असते, तर साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली असती का? गोळी माणसाच्या बोटाने सुटली होती आणि न्यायही माणसांनीच मिळवला. माणसाने केलेल्या अन्यायाला देवाची इच्छा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या चेकवर देवाची खोटी सही ठोकण्यासारखं आहे. त्या ट्रेलरचंही तसंच. दिवे न लावणारा चालक, त्याला झोपू न देता फेऱ्या मारायला लावणारा मालक, तिथे गाडी उभी राहते हे रोज पाहून न बोलणारे आपण सगळे. एवढी नावं वहीत असताना पहिलं नाव दत्तप्रभूंचं का घालायचं?

तरीही एक रक्कम न जुळता उरते, हे लपवण्यात अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तिथे कोणाच्या स्वातंत्र्याचा दोष? १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बन बंदरात असाच प्रकार झाला. सणाचा दिवस, चर्च भरलेली, आणि भूकंप, समुद्राच्या लाटा व आग यांनी शहर उद्ध्वस्त केलं. त्याआधी लायबनिझ या जर्मन तत्त्वज्ञाने मांडलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच जग उत्तम. लिस्बननंतर व्होल्तेरने त्या मताची यथेच्छ टर उडवली. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं यांमुळे जास्त बळी गेले, हे खरं. पण जमीनच का हलली, याचं आईच्या मनाला पुरेल असं उत्तर ना लायबनिझकडे आहे, ना माझ्याकडे.

अशा वेळी मला नाथमहाराज आठवतात. जनार्दनस्वामींसारख्या दत्तभक्ताचे ते शिष्य. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोर त्यांनी उचलून कडेवर घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पोर कोणाचं, कोणत्या कर्माने वाळूत आलं, हे त्यांनी विचारलं नाही. पाय भाजत होते, तेवढं त्यांना पुरलं. आमच्या आळीतल्या माउलीकडेही तिची एक शेजारीण रोज संध्याकाळी जाऊन बसायची. कर्माचा विषय तिने कधी काढला नाही. सुपातले तांदूळ निवडायला घ्यायची, माउली रडली तर रडू द्यायची. दोन वर्षांनी माउली देवळात आली, ती त्या शेजारणीचा हात धरून. माझ्या मते त्या दोन वर्षांत दत्तमहाराज देवळापेक्षा त्या ओट्यावर जास्त बसले असतील.

ईशावास्याच्या शांतिमंत्रात म्हटलं आहे की पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. जगातल्या कुठल्याही खातेवहीत हे बसत नाही. पण 'दत्त' या नावाचा अर्थ पाहिला की थोडं उमगतं. दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींनी पुत्र मागितला, तर देवाने स्वतःलाच देऊन टाकलं. आपल्या देवाचं पूर्णत्व असं देण्यात आहे. स्वातंत्र्यही त्यानेच दिलं, आपण त्याचं वाईट करू शकतो हे माहीत असून दिलं. त्याचं चांगलं करायचं की वाईट, एवढी एकच ओळ त्याने आपल्या सहीसाठी कोरी ठेवली आहे.

यंदाच्या जयंतीला पाळणा हलवताना आपल्या आसपास कोणाचं घर दुःखात आहे, ते आठवा. दुसऱ्या दिवशी तिथे जा. कारण सांगायला नको, नुसतं बसायला.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!