चित्र नेमकं कुठे असतं?

वर्डच्या फाइलमधला एक नको असलेला परिच्छेद निवडून खोडावा आणि पानाच्या दुसऱ्या टोकाला, उजवीकडे तळाशी बसवलेलं छायाचित्रही त्याच्याबरोबर नाहीसं व्हावं, हा अनुभव स्मरणिका, गौरवग्रंथ किंवा प्रबंध जुळवणाऱ्या पुष्कळांनी घेतलेला असतो. चित्राला कुणी हात लावलेला नसतो. खोडलेला मजकूर आणि चित्र यांच्यामध्ये चांगली चार बोटं कोरी जागा असते. तरीही ते जातं. माणसं चरफडतात, कंट्रोल-झेड दाबतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण त्या क्षणी त्या प्रोग्रॅमने एका फार जुन्या वादात उघड बाजू घेतलेली असते. वस्तूचं स्थान कशावरून ठरतं? ती जिथे दिसते त्या जागेवरून, की ती ज्याला बांधलेली आहे त्याच्यावरून?

आधी यंत्राचं म्हणणं ऐकावं. वर्डमध्ये चित्र दोन तऱ्हांनी राहतं. 'इन लाइन विथ टेक्स्ट' असेल तर ते अवाढव्य अक्षर असल्याप्रमाणे ओळीत बसतं. ओळ सरकली की सरकतं, आणि त्याला सामावण्यासाठी ओळीची उंची वाढते. दुसरी तऱ्हा तरंगत्या चित्राची. मजकूर त्याला वळसा घालून जातो, नाहीतर त्याच्या वरून किंवा मागून जातो, आणि माऊसने धरून ते पानावर कुठेही नेता येतं. दिसायला हे मोठंच स्वातंत्र्य. प्रत्यक्षात प्रत्येक तरंगतं चित्र कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाला अँकरने अडकवलेलं असतं. दाव्याला बांधलेली गाय दावं पुरेल तिथपर्यंतच चरते, तसं हे चित्र अँकर ज्या पानावर असेल त्याच पानावर फिरतं. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्र त्याच्या मागोमाग जातं. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' निवडणाऱ्याला वाटतं, आता ते पानाला खिळलं. खिळतं ते फक्त पानावरचं ठिकाण. पान कोणतं, हे अजूनही परिच्छेदच ठरवतो.

'लॉक अँकर'बद्दलचा गैरसमज याहून मजेशीर आहे. एरवी चित्र ओढून नेलं की त्याचा अँकर गुपचूप जवळच्या दुसऱ्या परिच्छेदाकडे जातो. कुलूप लावलं की तो जात नाही. चित्र मात्र तेव्हाही त्या पानावर हवं तिकडे ओढता येतं, आणि कुलूप लावूनही ते हललं म्हणून लोक वैतागतात. त्यांना जागा बांधून हवी असते, प्रोग्रॅम नातं बांधून देतो.

आपल्याकडे असल्या नात्यांचा कीस वैशेषिक आणि न्याय या दर्शनांच्या पंडितांनी, म्हणजे वैशेषिकांनी आणि नैयायिकांनी, काढला. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला 'तर्कसंग्रह' हा त्या शास्त्राचा पहिला पाठ. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये निघाली. या मताप्रमाणे टेबल आणि त्यावरचं पुस्तक यांचा संबंध संयोगाचा. दोन्ही स्वतंत्र होती, एकत्र आली, उद्या वेगळी होतील. फूल आणि त्याचा रंग यांचा संबंध समवायाचा. रंग फुलाच्या आश्रयानेच असतो. तो सुटा काढून खिशात घालता येत नाही.

तरंगतं चित्र यांपैकी कशात बसतं? पहिलं उत्तर चटकन सुचतं: संयोगात. चित्र वेगळं, परिच्छेद वेगळा, मध्ये एक गाठ. पण टेबल मोडलं तर पुस्तक जमिनीवर पडतं, नष्ट होत नाही. इथे आधार गेला की आश्रित वस्तूही जाते, म्हणजे वागणं फुलाच्या रंगासारखं झालं. मग समवाय म्हणावं, तर अँकर धरून दुसऱ्या परिच्छेदाकडे नेता येतो, आणि एका फुलाचा तोच रंग काढून दुसऱ्याला लावण्याची सोय कुठल्याच नैयायिकाने ठेवलेली नाही. काटेकोर पंडित तर ओळीत बसलेल्या चित्रालाही समवाय म्हणणार नाही. त्याच्या लेखी अक्षराचा ठळकपणा अक्षरात समवायाने राहील, चित्र ओळीत फार तर संयोगाने. तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी नकळत एक तिसराच संबंध घडवला आहे: मरण रंगासारख्या गुणाचं, हालचाल पुस्तकासारख्या द्रव्याची.

याच समवायावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात एक अवघड प्रश्न टाकला. दोन गोष्टींना जोडणारा समवाय जर त्या दोन्हींहून वेगळा असेल, तर त्याला त्यांच्याशी जोडायला आणखी एक समवाय लागेल, मग त्याला जोडायला आणखी एक. ही साखळी कुठे थांबणार? याला अनवस्था म्हणतात. नैयायिकांचं उत्तर असं की समवाय आपल्या स्वरूपानेच जोडलेला असतो, त्याला दुसऱ्या दोरीची गरज नाही. शंकराचार्यांना हे पटलेलं नाही, आणि उत्तरात थोडी हातचलाखी आहे हे मान्य करावं लागतं. वर्डची फाइल मात्र नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते. डॉक्स फाइल ही खरं तर एक झिप असते. ती उलगडून आतला मजकूर पाहिला तर अँकर शब्दांच्या रांगेतच, एखाद्या अक्षराच्या जागी बसलेला सापडतो. चित्राला अँकर लागतो. अँकरला काही लागत नाही, कारण तो स्वतः तरंगत नाही. तो आधीच्या शब्दानंतर आणि पुढच्या शब्दाच्या आधी असतो, एवढाच त्याचा पत्ता.

त्या उलगडलेल्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिथे पान नसतं. कागदाचा आकार लिहिलेला असतो, मार्जिन असतात, कुणी मुद्दाम पान तोडलं असेल तर त्याची खूण असते. पण पान क्रमांक सात नावाची वस्तू कुठेच नसते. परिच्छेदामागून परिच्छेद येतात, आणि पानं फाइल उघडताना नव्याने मोजून मांडली जातात. मागच्या वेळी पान कुठे संपलं होतं याची आठवण म्हणून वर्ड मध्येमध्ये एक टीप सोडतो, पण ती पाळण्याचं बंधन कुणावर नाही. दुसऱ्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नसला की १२० पानांचा प्रबंध १२७ पानांचा होऊ शकतो. चित्राचं अंतर एका इंचाचे ९,१४,४०० भाग करणाऱ्या एककात नोंदलेलं असतं, इतकी बारकाई! आणि ज्या पानाच्या कडेपासून ते मोजायचं, ते पान अजून जन्माला यायचं असतं.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझला हे आवडलं असतं. १७१५ आणि १७१६ या दोन वर्षांत त्याने न्यूटनचा स्नेही असलेल्या सॅम्युएल क्लार्क या धर्मोपदेशकाशी पत्रव्यवहार केला; वेल्सची राजकन्या कॅरोलाइन मध्यस्थ होती. वाद वरवर अवकाशाचा, मुळात ईश्वराचा. न्यूटनच्या मते अवकाश स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे, वस्तू असोत वा नसोत; त्याने अवकाशाला जणू ईश्वराचं संवेदनास्थान म्हटलं होतं, आणि लायब्निझला नेमकं तेच खुपत होतं. त्याचं म्हणणं, अवकाश म्हणजे वस्तूंमधल्या संबंधांची व्यवस्था, त्यापलीकडे काही नाही. सगळं विश्व आहे तसं उचलून थोडं पलीकडे ठेवलं, तर काय बदललं? काहीच नाही. मग ईश्वराने ते इथेच का ठेवलं, तिथे का नाही, याला कारणच उरत नाही, आणि विनाकारण वागणारा ईश्वर लायब्निझला मंजूर नव्हता. क्लार्कचं उत्तर होतं की ईश्वराची इच्छा हेच पुरेसं कारण. १७१६ च्या नोव्हेंबरमध्ये लायब्निझ वारला, क्लार्कने पत्रं पुढच्या वर्षी छापली आणि वाद तसाच राहिला.

(वैशेषिकांनी या भांडणात न्यूटनच्या शेजारी जागा घेतली असती. त्यांच्या नऊ द्रव्यांत दिक् हे स्वतंत्र, एकच आणि सर्वव्यापी द्रव्य आहे. पूर्व-पश्चिम हे भेद सूर्यामुळे पडलेले, दिशेच्या अंगचे नव्हेत.)

न्यूटनचं जग हवं असेल तर तेही संगणकावर मिळतं. १९९३ मध्ये अडोबीने आणलेल्या पीडीएफमध्ये पान खरं असतं. प्रत्येक अक्षराला पानाच्या कोपऱ्यापासून मोजलेलं स्वतःचं ठिकाण असतं, आणि चित्र कुठल्याही परिच्छेदाच्या मेहरबानीवर जगत नाही. छापखान्यात पाठवायला म्हणूनच पीडीएफ मागतात. या स्थैर्याची किंमत मराठी वाचकाला मात्र चांगली ठाऊक आहे. पीडीएफमधून एखादा मराठी उतारा कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात आणि जोडाक्षरांचे तुकडे होतात. डोळ्याला वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, उच्चारात ती नंतर येते. पानावर फक्त दिसणं नोंदलेलं असेल आणि मूळ क्रमाची नोंद धड नसेल, तर भाषा परत जुळवता येत नाही.

एवढ्यावरून पान म्हणजे निव्वळ भास, असा निकाल देणं घाईचं ठरेल. ज्यू परंपरेत पानालाच आधार मानणारा एक मोठा धर्मग्रंथ आहे. अँटवर्पहून आलेल्या डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० च्या सुमारास व्हेनिसमध्ये संपूर्ण बॅबिलोनियन तालमूद छापायला घेतला. मध्ये मूळ मजकूर, पुस्तकाच्या शिवणीकडे राशी या भाष्यकाराचं भाष्य, बाहेरच्या कडेला तोसाफोत ही नंतरची टीका. डावं पान असो वा उजवं, राशी कायम शिवणीकडे. वर्डमध्ये डावं-उजवं सोडून 'इनसाइड' आणि 'आउटसाइड' असं स्थान निवडता येतं, ते याच जातीचं. बॉम्बर्गची पानवारी पुढच्या आवृत्त्यांनी जशीच्या तशी उचलली आणि आजही संदर्भ त्याच पानांनी दिला जातो. १९२३ मध्ये रब्बी मेइर शपिरो यांनी रोज एक पान वाचण्याचा उपक्रम मांडला. २,७११ पानांचं ते आवर्तन सुमारे साडेसात वर्षांनी पुरं होतं, आणि जगभरचे वाचक एकाच दिवशी एकाच पानावर असतात. एका मुद्रकाने जागेचा हिशेब करून पाडलेली पानं पुढे उपासनेचं कालमापन झाली.

हस्तलिखितांवर चालणाऱ्या भारतीय परंपरेला हा मार्ग खुला नव्हता. लेखनिक बदलला की अक्षराचा आकार बदलणार आणि पान हटकून वेगळ्या शब्दावर तुटणार. त्रिपाठ पोथीत मूळ मध्ये आणि टीका वर-खाली, पंचपाठात चारही बाजूंनी, अशी सुंदर मांडणी असे, पण तिच्यावर विसंबून कुणी संदर्भ देत नसे. टीकाकार ज्या वाक्याचं विवरण करणार त्याचा पहिला शब्द उचलून सुरुवात करी. त्याला प्रतीक म्हणतात. पोथीची पानं विस्कटली, मूळ एका गावी आणि टीका दुसऱ्या गावी गेली, तरी त्या शब्दावरून दोन्ही पुन्हा जुळत. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या प्रतीप्रतीत थोडी वेगळी भरते, त्यामुळे नुसत्या ओवी क्रमांकावरून एखादी ओवी शोधणारा कधी कधी चार ओव्या पुढे पोचतो. पण ती गीतेच्या कोणत्या श्लोकाखाली आहे हे माहीत असेल तर ती सहसा चुकत नाही.

पानाला खिळलेली एक गोष्ट मात्र त्या पोथ्यांतही आहे. ताडपत्रं ओवण्यासाठी मध्ये भोक असे आणि ओळी त्याला वळसा घालून जात. पुढे कागद आला, ओवण्याची गरज संपली. तरी कित्येक जैन पोथ्यांत लेखनिकांनी त्या भोकाची जागा मोकळी सोडली आणि तिथे रंगीत ठिपका किंवा नक्षी काढली. वस्तू गेली, तिच्याभोवतीचा वळसा राहिला.

या सगळ्या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, वि. स. सुकथनकर यांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं आणि सगळी आवृत्ती १९६६ मध्ये. जे श्लोक पुरेशा आणि महत्त्वाच्या प्रतींत मिळत नाहीत, ते संपादकांनी मजकुरातून काढले, पण फेकून दिले नाहीत. लहान असतील तर तारांकित क्रमांक देऊन पानाच्या तळाशी, लांब असतील तर परिशिष्टात, आणि कोणत्या प्रती तो भाग कोणत्या श्लोकानंतर देतात ही नोंद सोबत. थोडक्यात, ओळीतला भाग उचलून तरंगता केला आणि अँकर शाबूत ठेवला.

अशा भागांपैकी एक घरोघरी माहीत आहे. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने न थांबता लिहायचं, ही कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य मजकुरात नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. लेखनिक म्हणून ज्याची पूजा होते तो देव त्या ग्रंथात आहे की नाही, असं कुणी विचारलं तर हो किंवा नाही यांपैकी कोणतंही उत्तर पुरत नाही. ओळीत तो नाही. पण परिशिष्टातली त्याची कथा पहिल्या अध्यायाशी जोडूनच दिलेली आहे, आणि तो अध्याय नसता तर तिला तिथे यायला कारण नव्हतं. भाविकाला हे अपुरं वाटेल, कोरड्या चिकित्सकाला जास्तीचं. संपादकांनी दोघांचीही समजूत घातली नाही, फक्त जागा नेमून दिली.

या आवृत्तीत असेही भाग सापडतात, जे उत्तरेकडच्या प्रती एका श्लोकानंतर देतात, दक्षिणेकडच्या दुसऱ्याच श्लोकानंतर, आणि एखादी प्रत तिसऱ्याच ठिकाणी. संपादक तिन्ही ठिकाणं लिहून ठेवतात. वर्डमध्ये एका चित्राला एकच अँकर लावता येतो.