रिकामी डिस्क नेहमीच निर्दोष

रिकाम्या डिस्कमध्ये एकही चूक सापडत नाही. तिच्यात नोंदीच नसतात, त्यामुळे एका नोंदीचा दुसरीशी विसंवाद नसतो. फाइल नसते, त्यामुळे हरवलेली फाइलही नसते. बिघडलेली फाइल सिस्टीम दुरुस्त करायला निघालेल्या प्रोग्रॅमने डिस्कवरचे सगळे पुसून टाकले आणि ‘आता एकही दोष नाही’ असे कळवले, तर त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असेल. दुरुस्तीच्या साधनांची परीक्षा घ्यायला बसलेल्या माणसाची सगळी अडचण इथे आहे. तक्रार थांबली हे यंत्राला चटकन मोजता येते. नुकसान भरून निघाले की नाही, हे सांगायला आधी काय शाबूत होते ते कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

खारघरमध्ये राहणाऱ्याला हा विषय लांबचा वाटू नये. रेल्वे स्टेशनसमोर रेनट्री मार्गावर सी-डॅक आहे, सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पण मला जास्त काळजी वाटते ती लहान जागांची. सोसायटीच्या ऑफिसातला हिशेबाचा संगणक, दवाखान्यातला पेशंटच्या नोंदींचा, सीएच्या टेबलावरचा, औषधाच्या दुकानातला. या यंत्रांना ना सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर असतो, ना नियमित बॅकअप. पावसाळ्यात लाईट जाते, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली असते, आणि लिहिण्याच्या ऐन मध्यावर डिस्क थांबते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ पुष्कळांना आठवत असेल. दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब यंत्रणेतून बिघाड सुरू झाला, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ते सगळ्यांना दिसले. त्याच क्षणी किती डिस्कवर किती नोंदी अर्ध्यावर राहिल्या असतील, ते कुणालाच दिसले नाही.

अर्ध्यावर राहणे म्हणजे काय, ते समजून घेणे गरजेचे आहे. आपण एक फाइल जतन करतो तेव्हा डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जात नाही. मजकुराचे ब्लॉक लिहिले जातात, ते ब्लॉक आता वापरात आहेत अशी खूण बिटमॅपमध्ये होते, फाइलचा आकार आणि पत्ते तिच्या आयनोडमध्ये, म्हणजे फाइलच्या माहितीच्या नोंदीत, जातात, आणि फोल्डरमध्ये नाव चढते. या चार नोंदींपैकी दोन झाल्या आणि वीज गेली, तर डिस्क स्वतःशीच विसंगत बोलू लागते. म्हणून आधुनिक फाइल सिस्टीम जर्नल ठेवते: काय करणार आहोत ते आधी लिहायचे, मग करायचे. वीज परत आली की जर्नल वाचून अपुरे काम पुरे केले जाते. यामुळे बहुतेक प्रसंग निभावतात. सगळे नाही, कारण काही डिस्क ‘लिहिले’ म्हणून सांगतात आणि मजकूर अजून त्यांच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. कधी रॅमच्या चिपमध्ये दोष असतो, कधी कंट्रोलरमध्ये, कधी खुद्द फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये.

तिथे दुरुस्तीचे साधन लागते. युनिक्सच्या जगात त्याचे नाव एफएससीके. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांनी ते लिहिले. लिनक्सवरच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टीमसाठी त्याचे जे रूप आहे ते ई२एफएससीके, आणि ते गेली कित्येक वर्षे थिओडोर त्सो यांच्या देखरेखीखाली आहे. ते पाच फेऱ्यांत काम करते. आधी प्रत्येक आयनोड, मग प्रत्येक फोल्डर, मग प्रत्येक फोल्डर मुळापर्यंत पोचतो की नाही, मग नावांची मोजदाद, शेवटी बिटमॅप. ज्या फाइलचे नाव कुठल्याच फोल्डरमध्ये उरलेले नाही, तिला ते टाकून देत नाही. ‘लॉस्ट+फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकाने ठेवते. एकच ब्लॉक दोन फाइली आपला म्हणत असतील, तर खरा मालक कोण हे साधनाला कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी ते ब्लॉकची नक्कल करून दोघींना एकेक प्रत देऊ शकते. एका फाइलमध्ये तो मजकूर नक्की परका असणार, पण निवाडा करण्याचा अधिकार माणसाकडे राहतो. या रचनेत मला एक सभ्यता दिसते.

आता अशा साधनात एखादा दोष सापडला आणि कुणी तो दूर करणारा बदल लिहिला, तर तो तपासायचा कसा? ई२एफएससीकेची पद्धत साधी आहे आणि फार विचारपूर्वक बेतलेली आहे. मुद्दाम बिघडवलेल्या लहान डिस्कची एक इमेज घ्यायची, दाबून ठेवली तर ती काही किलोबाइटांत मावते. तिच्यासोबत दोन मजकूर ठेवायचे: पहिल्यांदा चालवल्यावर साधनाने काय म्हणावे, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर काय म्हणावे. पहिल्या वेळी त्याने दोष सांगून दुरुस्त करावा आणि १ हा संकेतांक परत द्यावा. दुसऱ्या वेळी त्याला काहीही सापडू नये, संकेतांक ० यावा. अशा शेकडो बिघडलेल्या इमेज त्या साधनांच्या कोडसोबतच मिळतात. दुसऱ्या फेरीची अट मला विशेष मोलाची वाटते. जी दुरुस्ती स्वतःच नवा दोष निर्माण करते, ती या अटीवर सहसा पकडली जाते.

हे काम करायला प्रयोगशाळा लागत नाही, हे खारघरच्या कुठल्याही अभियांत्रिकी विद्यार्थ्याला मी आवर्जून सांगेन. साध्या लॅपटॉपवर काही मेगाबाइटची रिकामी फाइल करा, तिच्यावरच एक्स्ट४ बांधा, आत थोड्या फाइली ठेवा, आणि डीबगएफएस हे साधन वापरून एखाद्या आयनोडमधला पत्ता चुकवा. बिघडलेली डिस्क तयार. मात्र पहिली पायरी गाळू नका: बदल न केलेले जुने साधन या इमेजवर खरोखर चुकते, हे आधी डोळ्यांनी बघा. जुन्या साधनालाही जी परीक्षा पास करता येते, तिच्यातून नव्या बदलाबद्दल काहीच कळत नाही. आणि शाबूत फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, आधीच काढून ठेवा. दुरुस्तीनंतर ते पुन्हा काढले की जे चांगले होते ते चांगलेच राहिले का, याचे उत्तर मिळते. रिकाम्या डिस्कचा निर्दोषपणा पकडायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

जे चांगले होते ते चांगलेच राहिले का, हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होते, ते २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले. त्या वेळच्या ई२एफएससीकेमध्ये त्यांना दुरुस्तीचा क्रम चुकल्याची उदाहरणे सापडली. फाइलच्या पत्त्यांची यादी जिथे आहे, त्या जागेकडे बोट दाखवणारा पॉइंटरच बिघडलेला असेल, तर तो बरोबर आहे का हे ठरवण्याआधीच साधन त्या जागेवरचा मजकूर ‘दुरुस्त’ करायला घेत होते. पॉइंटर चुकून सुपरब्लॉककडे, म्हणजे साऱ्या फाइल सिस्टीमच्या मूळ नोंदीकडे, बोट दाखवत असेल, तर दुरुस्ती त्या मूळ नोंदीवरच चालणार. एक लहान जखम, आणि उपचाराने झालेली मोठी. साधन लिहिणारे लोक निष्काळजी नव्हते. दोषांच्या इतक्या जोड्या संभवतात की प्रत्येकीचा क्रम माणसाच्या डोक्यात मावत नाही.

२०१८ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातल्या गटाने आपल्याकडच्या पावसाळ्याला थेट लागू पडणारा प्रश्न विचारला: दुरुस्ती चालू असतानाच वीज गेली तर? आपली स्वाभाविक समजूत अशी की पुन्हा चालवू. त्यांनी बिघडलेल्या इमेज घेतल्या, दुरुस्ती निरनिराळ्या ठिकाणी तोडली, आणि मग साधन पुन्हा चालवून पाहिले. काही इमेज त्यानंतर पूर्ण दुरुस्त होऊ शकल्याच नाहीत. ई२एफएससीके आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमसाठीचे साधन, दोन्हींत हे आढळले. ई२एफएससीकेमध्ये केलेले बदल उलटवण्यासाठी आधीची स्थिती वेगळी नोंदवून ठेवण्याची सोय होती, पण ती नोंद डिस्कवर पक्की होण्याआधी मूळ डिस्कवर बदल उतरू शकत होता. म्हणजे जी दोरी धरून परत यायचे, ती बांधायच्या आतच माणूस विहिरीत उतरलेला. त्यांनी लिहिण्याचा हा क्रम पक्का करणारा बदलही तयार केला.

ज्या शहरात लाईट गेली म्हणून संगणक बिघडतो, त्याच शहरात लाईट पुन्हा येऊन पुन्हा जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून तोडलेल्या दुरुस्तीची परीक्षा ही आपल्यासाठी नेहमीच्या परिस्थितीचीच परीक्षा आहे. लिनक्समध्ये डिस्कवरच्या प्रत्येक लेखनाचा क्रम टिपून ठेवणारी सोय आहे. तिच्या मदतीने कुठल्याही क्षणी वीज गेली असती तर डिस्क कशी दिसली असती, ते पुन्हा उभे करता येते. खरा प्लग ओढायचीही गरज नाही.

या विषयाचा विचार करताना माझ्या मनात वारंवार पुण्याची भांडारकर संस्था येते. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून त्याची सूत्रे विष्णू सीताराम सुकथनकरांकडे आली, आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, आणि सारा प्रकल्प १९६६ मध्ये. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते, प्रत्येकात कुठे गाळलेले, कुठे घातलेले, कुठे लेखनिकाच्या हातून सटकलेले. केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळलेल्या सुकथनकरांनी दुरुस्तीला कडक शिस्त लावली. हस्तलिखितांचा आधार नसलेली, स्वतःच्या कल्पनेने केलेली सुधारणा फार क्वचित. जो पाठ निवडला पण ज्याच्याबद्दल पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. जे श्लोक मूळ संहितेत घेतले नाहीत तेही फेकले नाहीत. तारांकित करून तळटीपेत, मोठे असतील तर परिशिष्टात ठेवले. ज्याला निवड पटणार नाही त्याला त्याच पानावर दुसरा पाठ सापडतो.

आपल्या दुरुस्तीच्या साधनांकडे परिशिष्ट आहे, लॉस्ट+फाउंडच्या रूपात. नागमोडी रेघ नाही. ई२एफएससीके एखाद्या फाइलचा आकार बदलते, एखादा पत्ता शून्य करते, तेव्हा स्क्रीनवर एक ओळ येते आणि वर सरकते. सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला ती कधीकाळी अंदाजाने जुळवली होती हे कळायला कुठलीच खूण उरलेली नसते. आणि दुकानात दुरुस्तीला आलेल्या डिस्कवर घाईघाईने ‘प्रत्येक प्रश्नाला हो’ असा पर्याय लावून साधन चालवण्याची जी सवय आहे, तिने तर माणसाकडे राखून ठेवलेला निवाडाही यंत्राला देऊन टाकला जातो. ही सवय मला धोक्याची वाटते. त्यापेक्षा आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढून केवळ नकलेवर काम करणारा कारागीर शंभरपट बरा. त्याला थोडा जास्त वेळ लागतो आणि एक रिकामी डिस्क जास्त लागते, इतकेच.

काही साधने हा संयम स्वतःच पाळतात. एक्सएफएसचे दुरुस्ती साधन जर्नलमध्ये अपुरे काम दिसले की हात लावायला नकार देते: आधी डिस्क माउंट करा, जर्नल वाचले जाऊ द्या, मग या. बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टीमचे साधन दुरुस्तीचा पर्याय दिला की इशारा देते आणि दहा सेकंद थांबते, म्हणजे माणसाला मागे फिरता यावे. साधनात बदल करणाऱ्याने असे नकारही तपासले पाहिजेत. नवा बदल आल्यावर साधन पूर्वी जिथे थांबत होते तिथे आता पुढे जाते का? तपासणीच्या याद्यांत ‘काय दुरुस्त झाले’ यासाठी जागा असते, ‘कशाला हात लावला नाही’ यासाठी क्वचितच. ती जागा असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

यात आपल्या भागातून घालण्यासारखी एक गोष्ट आहे. खऱ्या वापरातून बिघडलेल्या डिस्कच्या इमेज या कामात सोन्यासारख्या असतात, कारण हाताने बिघडवणारा माणूस आपल्याला सुचेल तेच बिघडवतो. पेशंटची किंवा सभासदांची माहिती बाहेर जाईल ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. ई२इमेज आणि एक्सएफएस-मेटाडंप ही साधने फाइलींमधला मजकूर वगळून फक्त रचनेच्या नोंदी उचलतात, शिवाय नावेही ओळखू येणार नाहीत अशी बदलून देऊ शकतात. महाविद्यालयाच्या एका लॅबने खारघरच्या दुरुस्ती दुकानांशी बोलून, डिस्कच्या मालकांची परवानगी घेऊन, एका पावसाळ्यात अशा इमेज गोळा केल्या, तर विद्यार्थ्यांना प्रकल्पाचा विषय मिळेल आणि जगभरच्या साधनांना नव्या परीक्षा मिळतील. सुरुवात, माझ्या मते, दुरुस्ती अर्ध्यावर असताना वीज गेलेल्या डिस्कपासून करावी. तशा इमेज सहजासहजी कुठे मिळत नाहीत, आणि त्या आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये तयार होत असणारच.