आपली सुट्टी कोणाच्या खांद्यावर?



आज ख्रिस्तराजाचा सण. पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होईल. सोयाबीनची रास झाली, तूर शेंगांनी भरली आहे, आणि पहाटे बसस्थानकावर उभे राहायचे तर आता कानटोपी लागते. आपल्यापैकी कितीतरी जण रोज लातूरला, काही जण नांदेडला जाऊन-येऊन नोकरी करतात. जाताना अंधार, येतानाही अंधार. अशा माणसांना रविवारचे महत्त्व, चर्चच्या आवारातच राहणाऱ्या आम्ही सांगावे, हे जरा अवघडच आहे.

तरीही लिहितो, कारण एका तरुणाचे उत्तर आमच्याकडे बाकी आहे. मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो म्हणाला, "फादर, सहा दिवस बस, ऑफिस आणि पुन्हा बस. सातव्या दिवशी मिस्सा करून मी दिवसभर क्रिकेट खेळतो. आई म्हणते, देवाचा दिवस तू वाया घालवतोस. तुम्हीच सांगा, हे पाप आहे का?" आम्ही हसलो आणि "जिंकलात का ते सांग" म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर झाले नाही.

उत्तर द्यायचे तर ते संत थॉमस अक्विनास यांच्याकडे आहे. तेराव्या शतकातील या महापंडिताने आपल्या प्रचंड ग्रंथात खेळ आणि विनोद यांवरही गंभीरपणे लिहिले आहे. तेथे ते एक जुनी गोष्ट सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होते, ते पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, असे सतत सोडत राहता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. अक्विनास एवढ्यावर थांबत नाहीत. खेळाचा अतिरेक जसा दोष, तसा खेळाचा संपूर्ण अभावही दोषच, कारण जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विरजण घालतो तो सर्वांना भार होतो, असे त्यांचे म्हणणे. (काही धर्मगुरूंनीही हे वाचावे असे आहे.)

तेव्हा बाळा, क्रिकेट हे पाप नाही. पण तू न विचारलेला एक प्रश्न आमच्या मनात राहिला. तू मैदानावरून दोन वाजता घरी येतोस तेव्हा ताट कोण वाढते? आणि तिचा रविवार कोणता?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला फार आवडायचा. आपण काम करतो ते निवांतपणासाठी. निवांतपणा हा कामातून उरलेला वेळ नव्हे, तो कामाचा हेतू आहे. ग्रीक भाषेत निवांतपणाला 'स्खोले' म्हणतात आणि 'स्कूल' हा शब्द त्यातूनच आला, हे ऐकून तर आम्ही विद्यार्थी फारच खूश झालो होतो. पुढे त्याच अ‍ॅरिस्टॉटलचे राज्यशास्त्र वाचले. तेथे तो गुलामाला जिवंत हत्यार म्हणतो. मागावरचा धोटा आपोआप धावला असता तर मालकांना गुलामांची गरज पडली नसती, असेही म्हणतो. म्हणजे तो सुंदर निवांतपणा गुलामांच्या पाठीवर उभा होता, आणि त्याला त्यात काही चुकीचे वाटत नव्हते.

पुढे धोटा खरोखरच यंत्रावर धावू लागला, आपल्या मुंबईतही. पण गिरणी कामगाराला सुट्टी मिळाली का? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. लोखंडे महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीचे एक कारण होते. ज्या माळेगावच्या यात्रेला आपल्या रस्त्यावरून दरवर्षी गर्दी लोटते, तोच खंडोबा. महाराष्ट्रातल्या कामगाराला प्रभूच्या दिवशी विसावा मिळाला तो अशा वाटेने, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावे.

यंत्राने सुट्टी दिली नाही, कारण सुट्टी कोणाला द्यायची हा प्रश्न यंत्राचा नाहीच. पवित्र शास्त्रात तो फार आधी आला आहे. शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते. निर्गम २० मध्ये कारण दिले आहे ते देवाच्या विसाव्याचे. अनुवाद ५ मध्ये कारण वेगळे आहे: तुम्ही इजिप्तमध्ये दास होता हे आठवा. म्हणून तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका, सर्वांना तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलच्या निवांतपणात दासीला जागा नव्हती; येथे तिचे नाव घेतले आहे, बैलाचेही घेतले आहे.

आता आपल्या गावाकडे. मार्च २०२३ पासून एस.टी.त भगिनींना अर्धे तिकीट झाले. चांगले झाले. तिकीट अर्धे झाले, चूल मात्र तेवढीच राहिली. संध्याकाळच्या गाडीतून उतरल्यावर कोण टीव्हीसमोर बसते आणि कोण कणीक मळते, हे आम्ही घरभेटींत पाहतो.

वेळ अमावस्याही जवळ येते आहे. अख्खे लातूर शहर त्या दिवशी शेतात जाते. शेजारी आपल्यालाही प्रेमाने बोलावतात आणि कडब्याच्या कोपीजवळच्या पंगतीत आपण आनंदाने बसतो. भज्जी आणि आंबील यांची तुलना कोणत्या मेजवानीशी करावी? पण ती भज्जी करायला घरातल्या बायका मध्यरात्रीनंतर झोपलेल्या नसतात. गेल्या वर्षी आपल्या चर्चची शेतातली सहल झाली तेव्हा आम्ही आंब्याखाली सतरंजीवर बसून भज्जीची स्तुती करत होतो. तिसऱ्यांदा वाढून घेतली, आणि वाढणाऱ्या भगिनी जेवल्या का, हे साडेचारपर्यंत आमच्या मनातही आले नाही. त्यानंतरच्या रविवारी आम्ही वेदीवरून सर्वांना विसाव्याचा उपदेश केला होता.

आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर आपल्या चर्चमधले मागचे काही बाक रिकामे आहेत. ती कुटुंबे ऊसतोडीला गेली आहेत. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. आजारपणातही खाडा झाला तर उचलीच्या हिशेबात पैसे कापले जातात. त्यांना रविवार नाही. आपल्या नाताळच्या करंज्यांतली साखर अशाच हातांनी तोडलेल्या उसाची असते. याला काय करावे, याचे पुरते उत्तर आमच्याकडे नाही. नाताळापूर्वी त्यांच्या फडावर जाऊन तेथे मिस्सा करावी, असा विचार आहे. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी आम्हाला भेटावे. मुकादमाशी बोलून त्यांना निदान नाताळचा दिवस खाड्याविना मिळवून देता येईल का, हेही पाहायचे आहे, आणि त्यासाठी एकट्या फादरपेक्षा चार जाणती माणसे बरोबर असली तर बरे.

यंदाची सहल वेळ अमावस्येनंतरच्या रविवारी. मिस्सा शेतावरच, सकाळी ११ वाजता. चूल पेटवायला पुरुषांनी ७ वाजता पोहोचायचे आहे. भगिनींनी मिस्साच्या वेळी, रिकाम्या हातांनी यावे. भाकरी थापायला शिकवण्यासाठी आदल्या संध्याकाळी एक आजी चर्चच्या आवारात थांबणार आहेत. क्रिकेटचे सामान अवश्य आणावे, सामना भांडी घासून झाल्यावर. आम्हीही भाकरी करणार आहोत. ती गोल नसेल, हे आताच सांगून ठेवतो.