प्राण दिले कीं घेतले?

अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांत माँटगमेरी नांवाचें शहर आहे. कांहीं काळापूर्वीं आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. रेव्हरंड मार्टिन लूथर किंग १९५४ पासून १९६० पर्यंत ज्या मंडळीचे पाळक होते, तिचें मंदिर त्याच शहरांत आहे. तेथून थोड्याच अंतरावर काळ्या दगडाचें एक स्मारक आहे. काळ्या वर्णाच्या लोकांस नागरिकत्वाचे समान हक्क मिळावे म्हणून जी चळवळ झाली, त्या काळांत मारल्या गेलेल्यांचें हें स्मारक होय. माया लिन ह्या बाईंनीं त्याची रचना केली व १९८९ सालीं तें लोकांस खुलें झालें.

मेजासारखी एक वाटोळी शिळा आहे. तिच्या मध्यांतून पाणी निघून सर्व बाजूंस पातळ पसरतें व कडेवरून खालीं उतरतें. त्या पाण्याखालीं सुमारें चाळीस नांवें कोरलेलीं आहेत. पाण्यांत हात घातल्यावांचून नांवास स्पर्श होत नाहीं. मागील भिंतीवर न्यायास पाण्याच्या ओघाची उपमा देणारें, आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथावरून किंग ह्यांनीं उच्चारलेलें वचन आहे.

त्या नांवांत जोनाथन डॅनिएल्स हें एक आहे. हा २६ वर्षांचा गोरा तरुण पाळकपणाचें शिक्षण घेत होता. १९६५ च्या ऑगस्ट महिन्यांत हेनव्हिल गांवीं एका दुकानाच्या दाराशीं एका मनुष्यानें १७ वर्षांच्या काळ्या मुलीवर बंदूक रोखली. डॅनिएल्सनें तिला बाजूस लोटलें व गोळी आपल्या अंगावर घेतली. मारणारास ज्यूरीनें निर्दोष म्हणून सोडून दिलें.

त्याच शिळेवर चार मुलींचीं नांवें आहेत: अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन व डेनिस मॅकनेअर. पहिल्या तिघी १४ वर्षांच्या, चौथी ११ वर्षांची. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारीं सकाळीं त्या बर्मिंगहॅम शहरांत आपल्या मंदिरांत होत्या. काळ्यांचा द्वेष करणारांनीं तेथें ठेवलेला बाँब फुटला व चौघी मेल्या. अपराध्यांपैकीं पहिल्यास शिक्षा झाली ती १९७७ सालीं. आणखी दोघांस २००१ व २००२ सालीं.

येथें आमच्या मनांत एक प्रश्न उत्पन्न झाला. डॅनिएल्सनें प्राण दिला. मुलींनीं तो दिला नाहीं. तो त्यांजपासून हिरावून घेतला. मग दोघांसही हुतात्मा म्हणावें काय?

बेथलेहेमांतील बालकांनीं तरी काय निवडलें होतें? तथापि प्राचीन मंडळीनें त्यांस साक्ष्यांत गणलें. हाबेलाचें रक्तही भूमींतून ओरडलें असें शास्त्र सांगतें. तेव्हां दोहोंची नांवें एका शिळेवर असावीं हें योग्यच आहे; कारण दोघांस मारणारें पाप एकच. परंतु दोहोंविषयीं क्रियापद मात्र एक योजूं नये. मुलींनीं न्यायासाठीं प्राण दिले असें म्हटलें म्हणजे मारणारा दृष्टीआड होतो, आणि त्याच्या शेजारीं गप्प बसलेला तर मुळींच दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, त्या मरणानें राष्ट्राची विवेकबुद्धि जागी झाली व १९६४ सालीं समान हक्कांचा कायदा झाला. देव वाइटांतून बरें घडवितो हें आम्ही मानितों. योसेफानेंही तें मानिलें. तरी भावांनीं वाईटच योजिलें होतें, हें त्यानें त्यांच्या तोंडावर सांगितलें. कायद्याकरितां त्या मुली मरावयास हव्या होत्या, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. ज्यानें प्राण दिला त्याचें अनुकरण करावें. ज्यांचे प्राण घेतले त्यांजपुढें पश्चात्ताप करावा. हीं ऋणें दोन आहेत. एकानें दुसरें फिटत नाहीं.

हें परदेशचें म्हणून सोडून देऊं नये. आपले वडीलधारे सांगतात, "ख्रिस्ती झालों तेव्हां गांवानें विहीर बंद केली, बलुतें तोडलें, आम्ही सोसलें." त्यांचें सोसणें धन्य होय. परंतु विहीर आपोआप बंद होत नसते. ती बंद करणारे हात असतात. आणि तसले हात आपल्यांतही नाहींत काय? प्रभुभोजनाच्या मेजाशीं एकत्र बसून, मुलामुलींच्या सोयरिकीच्या वेळीं मात्र पूर्वीची जात विचारणारे आपण, ज्यास परत पाठविलें त्याच्याविषयीं काय म्हणतों? "बिचाऱ्यानें सोसलें!"

त्या शिळेवरील नोंदी १९५४ पासून १९६८ पर्यंतच्या आहेत. पहिली व शेवटची ह्यांच्या मध्यें थोडी जागा कोरी ठेविली आहे. कारण हें दुःख त्यापूर्वीं होतें व त्यानंतरही संपलें नाहीं. आम्ही त्या कोऱ्या जागेवर हात ठेविला. पाणी तिच्यावरूनही वाहत होतें. आपल्या घरीं मुलांस जुन्या गोष्टी सांगतांना "सोसलें" ह्या शब्दाबरोबर "कोणी सोसावयास लाविलें" हेंही सांगावें, आणि त्यांत आपलें नांव येत असेल तर तेंही गाळूं नये.