बाबांसाठी आणलेली गोळी

मागच्या दिवाळीला घरी जाताना मी बाबांसाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली नेली. ऑनलाइन सेल होता, रिव्ह्यू चांगले होते, लेबलवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व होतं. मी शाळेत होतो तेव्हापासून बाबा सिगारेट ओढतात. त्यावर मी त्यांच्याशी कधी धड बोललेलो नाही. गोळी देणं सोपं होतं.

लॉजिक सरळ वाटत होतं. सिगारेटच्या धुरामुळे शरीरात फ्री रॅडिकल्स वाढतात, ते पेशींना आणि डीएनएला इजा करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना निकामी करतात. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, हेही वाचलं होतं. मग त्यातलाच पदार्थ गोळीतून दिला तर बिघडलं कुठे?

फिनलंडमधल्या संशोधकांनाही असंच वाटलं होतं. त्यांनी धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी केली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या तशाच एका चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व दिलं होतं. तिथे कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि १९९६ च्या जानेवारीत, ठरल्यापेक्षा २१ महिने आधी, गोळ्या थांबवाव्या लागल्या.

मी हे वाचलं तेव्हा बाटली अर्धी संपली होती. आमच्या गोळीतला डोस बराच कमी होता, त्यामुळे घाबरण्यासारखं फारसं नव्हतं. तरी झोप लागली नाही.

हेतू चांगला होता म्हणून मी सुटतो का? हेतू तर फिनलंडवाल्यांचाही चांगलाच होता. पण त्यांनी आपण चुकत असू तर ते कळावं अशी सोय आधीच करून ठेवली होती. मी काय केलं होतं? ऑफिसमध्ये दोन ओळींचा बदलसुद्धा टेस्ट न करता पुढे ढकलत नाही, आणि बाबांच्या शरीरात मात्र स्टार रेटिंग बघून रोज एक गोळी. ती खोटी गोळी मिळालेली माणसं राहून राहून आठवतात. आपल्याला काहीच मिळत नाहीये, हे त्यांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं.

२००९ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. ज्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. न घेणाऱ्यांमध्ये सुधारला. व्यायामाने होणारा थोडा ऑक्सिडेटिव्ह ताण हा शरीरासाठी निरोप असतो, असा त्यांचा निष्कर्ष. रात्री तीनला सर्व्हरचा अलर्ट आला की तो म्यूट करून झोपणारे सहकारी मी पाहिलेत. एकदा मीही केलंय.

बाबांच्या बाबतीत तर मी आणखी एक केलं होतं. आईने मध्यंतरी सिगारेटवरून टोकलं, तर ते म्हणाले होते, "आता त्याची गोळी चालू आहे ना."

रविवारी फोन केला. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"बरं, बंद करतो गोळी."

"आणि सिगारेट?"

पहिल्यांदाच विचारलं मी हे. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "थांब, आईला देतो."